तिसऱ्या दाराखालचं पाणी

मेफ्लायला मराठीत सांगण्यासारखं नाव नाही. पुस्तकात मेफ्लायच लिहितात, आणि आमच्या तांड्यावर अशा सगळ्यांना मिळून एकच नाव होतं, किडा. संशोधनासाठी मी हाच विषय घेतला. त्यातही पंख फुटलेला मेफ्लाय नव्हे, तर त्याची पाण्यात राहणारी पिल्लं. ती पाहून ती कोणत्या जातीची हे ठरवायचं. हे मी माझ्या बाला, म्हणजे वडिलांना, सांगितलं तेव्हा त्याने सगळं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हंजे डॉक्टरीण व्हनार, ती किड्यांची?" त्याच्या डोळ्यांपुढे दवाखाना होता. त्याला समजावता समजावता माझंच डोकं फिरलं. शेवटी तो म्हणाला, "ऱ्हाऊ दे. तुला कळतंय ना? मंग झालं."

आमचा तांडा औंढ्याहून शिरड शहापूरकडे जाताना डोंगराच्या कडेला आहे. बा तांड्याचा नायक होता. भांडण असो, सोयरीक असो, होळी असो, त्याच्या शब्दाशिवाय पान हलायचं नाही. घरात आम्ही गोरमाटी, म्हणजे आमची बंजारा बोली, बोलतो. बाजारात आणि कचेरीत बा जी मराठी बोलायचा, तिच्यातच त्याचं बोलणं इथे लिहिते आहे. आईला आमच्यात याडी म्हणतात. मी एकुलती एक. पोरीला शिकवण्याबद्दल तांड्यात बाला बोलणारे खूप होते आणि मला बोलणारे त्याहून जास्त. मी सगळ्यांना उलटून बोलायची. माझी जीभ तिखट आहे, ती याडीकडून आली. बा कमी बोलायचा.

तांड्याच्या खालून एक ओढा जातो. त्याचं वरचं पात्र पावसाळा संपला की महिन्याभरात कोरडं पडतं. पण तांड्याखाली काळ्या खडकाच्या भेगेतून एक झरा आहे, आणि तिथून पुढे थोड्या अंतरापर्यंत पाणी दगडांवरून खळखळत वाहायचं, अगदी फाल्गुनापर्यंत. त्यापुढे वाळू लागते आणि पाणी तिच्यात जिरतं. एवढाच तो वाहता तुकडा. लहानपणी मी तिथे धुणं धुतलं, शेळ्यांना पाणी पाजलं, पाय घसरून कपाळ फोडून घेतलं. त्याच दगडांच्या पोटाला काय चिकटून बसलेलं असतं ते मात्र कॉलेजात गेल्यावर कळलं.

पाण्यातला दगड हळूच उलटा करायचा. ओल्या दगडावर काहीतरी खेकड्यासारखं तिरकं पळतं. ते मऊ कुंचल्याने उचलून पांढऱ्या ताटलीत घ्यायचं. जिऱ्याएवढं सपाट अंग, मागे तीन शेपट्या, पोटाच्या दोन्ही कडांना पानांसारखे कल्ले. ते कल्ले सारखे हलत असतात. प्रत्येक पायाला एकच नखी असते. दोन नख्या दिसल्या की तो दुसराच कुणी, त्याला पाण्यात परत सोडायचं. इथपर्यंत कुणालाही जमतं. पुढे कल्ल्यांचा आकार, त्यांची झालर, जबड्याचे दात, नखीच्या आतली दातेरी कड, हे सगळं सूक्ष्मदर्शकाखाली बघत बघत कूळ, मग प्रजाती आणि जमलंच तर जातीपर्यंत यायचं. बहुतेक वेळा जमत नाही. जातीची पक्की खूण पंख फुटलेल्या नरात असते, त्याच्या पोटाच्या शेवटच्या टोकाला. पिल्लात ती खूण तयारच झालेली नसते.

त्यातून पिल्लू वाढताना पुन्हा पुन्हा कात टाकतं आणि दरवेळी थोडं बदलतं. पहिल्या वर्षी मी ओढ्यातल्या पिल्लांचे तीन प्रकार केले. फिकट पिवळी, तपकिरी, आणि खांद्यावर काळे डाग असलेली. तिघांच्या वेगळ्या बाटल्या, वेगळ्या चिठ्ठ्या. माझे मार्गदर्शक सर हिंगोलीच्या कॉलेजात शिकवायचे. स्वभावाने कडक आणि चिकित्सक. त्यांनीही तिन्ही बाटल्या पाहून मान हलवली. मग एका सकाळी प्रयोगशाळेत, आमच्या दोघांच्या समोर, ताटलीतल्या एका तपकिरी पिल्लाची पाठ उकलली आणि आतून काळ्या खांद्यांचं पिल्लू बाहेर आलं. काळे डाग म्हणजे पंखांच्या मिटलेल्या घड्या होत्या. पिल्लू पिकलं की त्या काळ्या पडतात आणि मग एकदोन दिवसांत ते पाण्याबाहेर येऊन उडतं. म्हणजे तीन प्रकार नव्हतेच. एकाच किड्याची ती तीन वयं होती.

सरांनी चष्मा काढला आणि बराच वेळ पुसला. मग म्हणाले, "तिन्ही बाटल्या एकीत ओता." मला हसू आलं. ते हसले नाहीत. ही चूक या कामातल्या प्रत्येकाच्या हातून एकदा होते असं नंतर समजलं, पण त्या दिवशी आम्हा दोघांनाही आपल्याएवढं खुळं कुणी नसेल असंच वाटलं.

तर आता एकच किडा उरला, आणि तो कुणाशी जुळेना. त्याच्या कल्ल्यांची पहिली जोडी दोऱ्यासारखी बारीक होती, बाकीच्या रुंद आणि टोकाला चिरल्यासारख्या. मिळतील त्या सगळ्या ओळख-तक्त्यांतून मी त्याला फिरवलं. दरवेळी मधेच वाट संपायची. मी कयाधू नदीवर गेले, सिद्धेश्वरच्या धरणाखालच्या पाण्यात उतरले, जीपला लटकून आमच्याकडच्या गोरेगावच्या बाजूचे ओढे पाहिले, कुरुंद्याकडे हळदीच्या रानातले पाटसुद्धा चाळले. हा किडा कुठेच नव्हता. होता फक्त आमच्या झऱ्याखाली. सरांनी नमुने दूरच्या शहरातल्या एका तज्ज्ञांना पाठवले. त्यांचं उत्तर आलं ते असं की, पिल्लावरून नाव देता येणार नाही. याच पिल्लातून निघालेला नर पाठवा, आणि सोबत त्याची पाण्यातली शेवटची कात. दोन्ही एकाच बाटलीत, म्हणजे हा त्याचाच, याबद्दल शंका राहणार नाही.

माझं सगळं काम या एका नरावर येऊन अडलं. तो मिळाला तर ओळख पटणार होती. नाही तर प्रबंधाचं मुख्य प्रकरणच अर्धवट राहणार होतं, आणि सर अर्धवट प्रकरणावर सही करणारे नव्हते.

नर मिळवायचा तर पिल्लं वाहत्या पाण्यातच वाढवायला हवी. बादलीत ती दोन दिवसांत मरतात, हे मी करून पाहिलं होतं. मग पिठाच्या जुन्या चाळणीचं कडं घेतलं, त्याला मच्छरदाणीचं कापड शिवलं, आत दोन दगड ठेवले आणि असे पिंजरे झऱ्याखालच्या धारेत बांधले. पिल्लं अजून तपकिरी होती. दिवाळी होऊन जाईपर्यंत तरी ती काळी पडणार नव्हती.

आणि त्याच वर्षी आमच्या ओढ्यावर बंधारा पुरा झाला.

हा बंधारा बाचा होता, असं म्हटलं तरी चालेल. त्यासाठी तो कितीतरी वर्षं परभणीच्या कचेऱ्यांत हेलपाटे घालत होता. तेव्हा हिंगोली वेगळा जिल्हा झाला नव्हता. साहेब बदलायचे, फायली हरवायच्या, बा धोतर धुवून पुन्हा पहिल्या एसटीने निघायचा. होळीनंतर तांड्यावर प्यायला पाणी नसायचं. याडी आणि बाकीच्या बाया शिरडच्या वाटेवरच्या विहिरीवर जायच्या, डोक्यावर दोन घागरी आणि कमरेवर एक. माझ्या धाकट्या काकूचं मूल त्या वाटेवरच पोटात गेलं. त्यानंतर बाने बंधाऱ्याचा विषय सोडला नाही.

बंधारा म्हणजे ओढ्यात ओळीने दगडी खांब. खांबांना उभ्या खाचा. पावसाळ्यात खाचा मोकळ्या ठेवायच्या, पूर जाऊ द्यायचा. पाऊस ओसरला की त्यांत लोखंडी दारं सरकवायची आणि फटींमध्ये भुसा घालून मळलेली चिकणमाती ठासायची. दारं घालायचा दिवस चुकवून चालत नाही. लवकर घातली आणि मागून पूर आला तर दारं वाहून जातात. उशीर झाला तर पाणीच निघून जातं. तो दिवस ठरवणं नायकाचं काम होतं. बंधारा झऱ्याच्या बरोबर खाली आला होता. दारं पडली की झरा तळ्याखाली जाणार आणि दगडांवरचं पाणी बंद होणार. म्हणजे माझा किडा जिथे होता तो एकुलता एक तुकडा संपणार.

दसऱ्याला मी घरी आले. बा अंगणात बसून दोरखंड बघत होता.

"बा, दारं कधी घालणार?"

"परवा. हस्त बरसून गेला, आता चित्रात काही ऱ्हात न्हाई. रोज पानी जाऊन राहिलंय पुर्णेत."

"दिवाळी होईपर्यंत थांब. माझी पिल्लं पिकली नाहीत अजून."

त्याने दोरखंड खाली ठेवला. मी भडाभडा सगळं सांगितलं. नर, कात, तज्ज्ञ, सरांची सही. माझं इतक्या वर्षांचं शिक्षण, तांड्याची बोलणी, सगळंच त्यात आलं.

"दिवाळीपातूर अर्धं पानी जाईल, बाई," शेवटी तो म्हणाला. "ह्या बायांनी घागरी कवर वाहायच्या?"

"एकच वर्ष, बा."

"आधी मानसाचं बघायचं का किड्याचं, तूच सांग."

मला राग आला, तो त्याचं बरोबर होतं म्हणून जास्त आला. मी म्हणाले, "मग मला शिकवलंस कशाला?" आणि आत निघून गेले. याडी चुलीपुढे होती. एरवी ती मला तोडून बोलली असती. त्या दिवशी तिने माझ्या ताटात भाकरी वाढली आणि माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

दारं घालायच्या दिवशी सगळा तांडा ओढ्यावर होता. बाने काठावर विस्तव करून गुळाचा भोग लावला. बायांनी डोक्यावरून माती आणली, माणसांनी ती पायांनी मळली. पहिलं दार बाने स्वतः खाचेत सोडलं तेव्हा म्हातारी माणसं रडली. मीसुद्धा रडले, पण कुणासाठी ते मला सांगता आलं नसतं. माझे पिंजरे मी सकाळीच काढून घेतले होते. एकेक दार बसत गेलं तसा दगडांवरचा आवाज कमी होत गेला. शेवटी बा मातीचे गोळे घेऊन कमरेएवढ्या पाण्यात उतरला आणि प्रत्येक दाराच्या बुडाशी माती ठासू लागला. त्याचा हात फार चांगला होता. तिसऱ्या दारापाशी तो आमच्याकडे पाठ करून बराच वेळ वाकला होता. मला वाटलं, थकला असेल.

दुसऱ्या दिवशी त्याच्याशी न बोलताच मी हिंगोलीला गेले.

परत आले ती दिवाळीच्या तोंडावर. मुद्दाम वेशीतून न जाता ओढ्याच्या बाजूने आले. बंधाऱ्यावर इतकं पाणी मी कधी पाहिलं नव्हतं. बाया काठावरच घागरी भरत होत्या आणि मोठ्याने हसत होत्या. खालच्या बाजूला दगड पांढरे पडले होते. काही दगड उलटे करून पाहिले. पिल्लं जिथल्या तिथे वाळून चिकटलेली होती, नख लावलं की भुगा व्हायचा. मी तिथे खाली बसले. इतकं उदास मला त्याआधी कधी वाटलं नव्हतं.

मग पाण्याचा आवाज आला. तिसऱ्या दाराच्या बुडाशी फट होती. तिच्यातून मनगटाएवढी धार जोरात बाहेर पडत होती, खालच्या दगडांवर आपटून पुढे वाहत होती आणि थोड्या अंतरावर वाळूत जात होती. मी पहिलाच दगड उलटा केला. दोन पिल्लं तिरकी पळाली. मी दगड पुन्हा तसाच ठेवला.

घरी जाऊन मी बाशी बोलले. म्हणजे अबोला मी आधी सोडला. "बा, तुझा बंधारा गळतोय. तिसऱ्या दाराखाली."

"व्हय," तो म्हणाला. "तळचा दगड वाकडा बसलाय तिथं. माती टिकत न्हाई, वाहून जाती."

"मग माझे पिंजरे तिथे लावू?"

"लाव की. गळतंच हाय तर."

त्या धारेत मी पिंजरे बांधले. पहिली पिल्लं मेली, पाणी दुपारी फार तापायचं. मी वर पळसाच्या पानांची सावली केली. पुढच्या खेपेला दोन मेफ्लाय बाहेर आले, पण मी पोचायच्या आत त्यांना मुंग्यांनी खाल्लं, नुसते पंख उरले. माघ लागला तेव्हा एका सकाळी पिंजऱ्यात मोठ्या डोळ्यांचं पिल्लू दिसलं. मोठे डोळे म्हणजे नर. खांदे काळेभोर. ते दगडावर चढलं, पाठ उकलली, आणि धुरकट पंखांचा किडा बाहेर येऊन कापडावर बसला. पाण्यातली कात मी लगेच बाटलीत घातली.

अजून काम संपलं नव्हतं. मेफ्लाय पंख फुटल्यावर आणखी एकदा कात टाकतो. असं करणारा दुसरा कीटक नाही. ती कात टाकल्यावरच तो पुरा होतो. मी कापडासकट त्याला घरी आणलं आणि दाराच्या चौकटीला टांगून समोर बसले. बासुद्धा शेजारी येऊन बसला. त्या दिवशी तो रानात गेला नाही.

"खातो काय हा?"

"काही नाही. याला कामाचं तोंडच नसतं. एकदोन दिवस जगतो."

"काहून पन?"

मला काहून ते सांगता आलं नाही. पुस्तकात कसं ते लिहिलेलं असतं. दुसऱ्या दिवशी ऊन वर आलं तेव्हा त्याने ती शेवटची कातही टाकली. पंख काचेसारखे झाले, शेपट्या लांबल्या. बा पुढे वाकून बघत राहिला. मी स्पिरिटची बाटली उघडली.

"आता मारनार?"

"नाव कळायचं तर घालावंच लागतं, बा."

तो उठला. उंबऱ्यापाशी थांबून म्हणाला, "लई वाट बघितली याची." आणि बैल सोडायला गेला. मला तेव्हा वाटलं, तो माझ्याबद्दल बोलतो आहे.

तज्ज्ञांचं उत्तर उन्हाळ्यात आलं. किडा नवा नव्हता. त्याचा पंखवाला नर फार पूर्वी दक्षिणेत कुणाला तरी मिळाला होता आणि त्याला नावही होतं. पण त्याचं पाण्यातलं पिल्लू आजवर कुणी ओळखलेलं नव्हतं. ते पहिल्यांदा ओळखलं गेलं ते आमच्या ओढ्यात. मला खरं तर वाईट वाटलं. मी नव्या जातीची स्वप्नं पाहिली होती, तिला तांड्याचं नाव द्यायचं ठरवलं होतं. सर मात्र पहिल्यांदाच माझ्यासमोर हसले. ते म्हणाले, "मोठ्यांना सगळे ओळखतात. तुम्ही लहानपण शोधलंत." त्यांनी प्रकरणावर सही केली.

बाला मी सांगितलं, "नवा नाही निघाला."

"पन वळख पटली ना?"

"पटली."

"मंग गूळ वाट." आणि त्याने खरंच तांड्यात गूळ वाटला. कशाबद्दल ते कुणालाही नीट कळलं नाही.

मला नोकरी लागली. जिल्हा वेगळा झाला. दरवर्षी दारं पडली की मी विद्यार्थ्यांना घेऊन त्या धारेवर जायची आणि दगड उलटा करून पिल्लू दाखवायची. धार दरवर्षी तेवढीच असायची. तांड्यात बाची चेष्टा चालायची, "नायकाचा बंधारा गळतो." मीही त्यात सामील व्हायची. ज्याच्या हातची माती बाकी कुठे थेंब जाऊ देत नाही, त्याला एक दगड आवरत नाही म्हणजे काय! बा नुसता मिशीत हसायचा. पारावर बसलेले पंचही हसायचे. बंधाऱ्यातून रानांना पाण्याच्या पाळ्या लागायच्या तेव्हा आमच्या रानाची पाळी नेहमी शेवटी असायची. नायकाने आधी दुसऱ्यांचं बघावं, म्हणून असेल असं मी धरून चालले होते. मला त्याचा अभिमानही वाटायचा.

बा गेला तो चैत्रात. सकाळी न्याहारी करून रानात गेला आणि बांधावर बसल्या जागीच आडवा झाला. मला निरोप मिळेपर्यंत दुपार झाली होती. मी पोचले तेव्हा याडीने माझा हात धरला आणि सोडला नाही. बापाविना जग कसं असतं याची मी कधी कल्पनाच केली नव्हती. मी चाळिशीला आलेली बाई, पोरांना शिकवते, पण त्या दिवशी मला कुठे बसावं तेसुद्धा कळत नव्हतं.

त्या वर्षी पाऊस धड झालाच नाही. हस्त कोरडा गेला. चुलत भाऊ नवा नायक झाला होता. त्याने दारं लवकर घालायची ठरवलं आणि मला निरोप पाठवला. मी रजा घेऊन गेले. भाऊ भोग लावताना माझ्याकडे बघत होता, कारण बाच्या जागी उभं राहायची त्याची पहिलीच वेळ होती. मी साडी खोचली आणि बायांबरोबर माती मळायला उतरले. याआधी मी कधी मळली नव्हती. याडी काठावर दगडावर बसली होती.

पाणी जेमतेम गुडघ्याएवढं होतं. दारं बसली. भावाने पहिल्याच्या बुडाशी माती ठासली, दुसऱ्याच्या ठासली, मग चौथ्याकडे गेला. शेवटच्या दारापर्यंत काम झालं आणि तो हात धुवायला लागला.

"तिसऱ्याचं राहिलं," मी म्हणाले.

तो हात धूत राहिला.

"अरे, तिसऱ्याखाली माती राहिली. वाकड्या दगडाचं मी बघते. भुसा जास्त घालू, दगडाचे तुकडे ठासू. या वर्षी थेंब वाया जाऊन चालायचं नाही." मी घमेल्यातून गोळा उचलला आणि पाण्यात उतरू लागले.

"तिथं न्हाई लावायची, बाई."

"काहून?"

"दगड वाकडा न्हाई." तो काठावर येऊन माझ्यासमोर उभा राहिला. "पहिल्याच वर्षी काकानं आपल्या हातानं ती माती काढली. लगोलग पंचांना बसवलं अन् सांगितलं, ह्या फटीतून जाईल तितकं पानी माझ्या वाटनीतून धरा, माझ्या पोरीचे किडे हायती तिथं. म्हनून तुमच्या रानाची पाळी शेवटी. समद्यांना ठाव हाय."

मी याडीकडे पाहिलं. ती पाण्याकडे बघत होती. तिलाही ठाऊक होतं. पारावरचे सगळे हसायचे ते का, तेही मला आता कळलं. इतकी वर्षं मी त्या धारेपाशी उभी राहून पोरांना शिकवलं, की पिल्लू बघून पुढचं ओळखायला किती बारीक नजर लागते.

"ते तेव्हाचं होतं," मी म्हणाले. "माझं काम कधीच झालं. नाव कळलं, नोकरी लागली. आता पाणी नाही. बुजवा ती फट."

भाऊ खाली बघायला लागला.

"काका हे बी बोलला व्हता," तो म्हणाला. "म्हनला, एखाद्या वर्षी पानी कमी पडंल. मी नसंल. तवा ती सोताच येऊन म्हनंल, फट बुजवा. तिचं ऐकू नका."

दारांमागे पाणी चढू लागलं होतं आणि तिसऱ्याखालून धार सुरू झाली होती. मी हातातला गोळा घमेल्यात परत ठेवला. त्या वर्षी हरभऱ्याला आमची पाळी शेवटी लागली, तीही अर्धीच.